अनुभव धागा: समोरच्याला बोलू दिलं तेव्हा

मी कृषी सहायक, परभणीकडे. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढचा खरीप. पारावर उभा राहून तेच ते सांगायचो: हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले की फवारा. लोक "बरं साहेब" म्हणायचे नि तंबाखू मळायचे. एकदा एका काकांच्या गोठ्यात टेकलो. एक दावं रिकामं होतं. "बैल कुठाय काका?" एवढंच विचारलं. कापूस गेला म्हणून विकलेला. अर्धा तास ते बोलले, सापळ्याचं मी नावही काढलं नाही. उठताना कोपरीच्या खिशातून त्यांनी एक डोमकळी (आत बोंडअळी असलेलं, न उमललेलं कापसाचं फूल) काढली. "सकाळीच घावली. तुम्ही रागवताल म्हणून दावत नव्हतो."

तुमचं असं काही? लिहा.

* * *

मी आशाताई, आष्टी तालुका. दिवाळी झाली की आमच्या वस्तीतले कोयते ऊसतोडीला निघतात (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी). रजिस्टर उघडून पाळी, लेकरं विचारायचे. उत्तर एका शब्दाचं. मग रजिस्टर पिशवीतच ठेवलं. एक जण भाकरी थापत होती, तिला म्हटलं, "म्हातारीला कुणापाशी ठेवून चाललीस गं?" परातीतला हात थांबला. सासूचं आलं, मुकादमाच्या उचलीचं (आगाऊ घेतलेल्या पैशाचं) आलं. तिसऱ्या खेपेला हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टर गर्भाची पिशवी काढा म्हणतोय. काढू का?" वय 27. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं, गोळ्यांवर भागलं.

* * *

जालन्याहून, जरा उलटं. एक गृहस्थ दर रविवारी यायचे. पोरांच्या परीक्षा, आईचा गुडघा, सगळं तोंडपाठ. सहाव्या रविवारी बॅगेतून पॉलिसीचे कागद निघाले. आता कुणी फार आपुलकीनं चौकशी केली की मी आधी बॅग बघतो.

* * *

किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 ला मी 16 वर्षांचा. गणपती बुडवून झोपलो, पहाटे भूकंपात माळवदं (मातीची छतं) बसली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये रोज कुणीतरी वही घेऊन यायचं: किती गेले? आजी आकडा सांगायची. एक बाई वही न घेता आली. "आजी, घर कसं होतं तुमचं?" आजीनं काठीनं मातीत घर काढलं. इथं ढाळज, इथं उतरंड, इथं धाकट्याचा पाळणा. काठी तिथंच थांबली. भूकंपानंतर आजी पहिल्यांदा रडली ती तेव्हा. पुढच्या आठवड्यात बाई येणार म्हणून तिनं सकाळपासून कपबशी धुऊन पालथी घातली होती.