जुन्या वसाहतींमधली काँक्रीटची खेळणी: तुमचे अनुभव सांगा

आम्ही सिंगापूरला तोआ पायोहमध्ये राहतो, लोरोंग ६ वरच्या त्या ड्रॅगनच्या आकाराच्या खेळण्यापासून चालत दहा मिनिटांवर. १९७९ चा आहे, सरकारी घरं बांधणाऱ्या एचडीबीच्या खोर एअन घी यांचं डिझाइन, डोकं टेराझोचं, म्हणजे आपली मोझॅक लादी असते ना तेच, अंगाला लोखंडी कड्या आणि खाली अजून खरी वाळू. लेक पहिल्यांदा त्यावर चढला तेव्हा आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणाली, अगं ही तर आपल्या जुन्या घरातली लादी! तेव्हापासून मला तो ड्रॅगन घरचाच वाटतो. तुमच्याकडे असं काही टिकलंय का?

----

ताई, मी लहानपणी ८० च्या दशकात सिंगापूरलाच आंग मो कियोला होतो, बाबांची शिपयार्डात नोकरी. तिथेही असाच ड्रॅगन होता आणि अजून आहे पण वाळू काढून रबर टाकलंय. आम्ही चपला भरभरून वाळू घरी न्यायचो, आई दारातच झटकायला लावायची, पावसानंतर तर किल्ले करायला भांडण व्हायचं. मागच्या वर्षी मुलीला घेऊन गेलो, ती दोनदा घसरली आणि म्हणाली आता काय करायचं. मला खरंच वाईट वाटलं. ड्रॅगन जपला पण निम्मा खेळ वाळूत होता हो.

----

अ‍ॅमस्टरडॅम. इथे डच आर्किटेक्ट अल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ ते १९७८ मध्ये सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या, पहिली बेर्टेलमानप्लाइनला. प्राणी वगैरे काही नाही, काँक्रीटच्या जाड कडेचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायचे लोखंडी बार, उड्या मारायला गोल ठोकळे, बस. बरेचसे गेले, थोडे उरलेत. आमच्या जवळ एक कमान आहे, मुलांसाठी ती कधी घर, कधी बोट, कधी तुरुंग, आणि हौदाच्या कडेवर आम्ही आईबाप डबे उघडून बसतो. मला हेच जास्त आवडतं, खेळणं काय आहे ते मुलांनीच ठरवायचं.

----

सिंगापूरच्या डकोटा क्रेसेंटमधलं कबूतराच्या आकाराचं खेळणं कोणी पाहिलंय का? १९५८ ची वसाहत, २०१६ अखेर भाडेकरूंना हलवलं, मग २०१७ मध्ये ठरलं की मधल्या सहा इमारती आणि कबूतर ठेवायचं. मी रिकामं झाल्यावर गेले होते, टायरचे झोके तसेच, आणि एक माणूस नाही. जपायचं ठरलं याचा आनंद आहेच, पण संध्याकाळी बाकावर बसून नातवंडांवर ओरडणाऱ्या आज्यांशिवाय ते मला बघवेना, लवकर निघाले.

----

वाचून गलबलून आलं सगळ्यांचं. आंग मो कियोवाले दादा, मुलीला इकडे आणा, वाळू आहे. सकाळी लवकर या पण, दुपारी लादी फार तापते.