सूचकाच्या जागी त्याच्या भावाची सही चालेल का? अर्जंट, मंगळवारी लास्ट डेट

नेरुळकर७०६ · गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१०
नमस्कार मंडळी. विधानसभेला उभं राहायचा फॉर्म भरतोय. दहा सूचक, म्हणजे आपलं नाव सुचवणारे मतदार, लागतात त्यातले नऊ झाले, दहावा दिवाळीला गावी गेलाय आणि आता फोनवर म्हणतो भाऊबीज झाल्याशिवाय येत नाही. त्याचा धाकटा भाऊ इथेच आहे, तो म्हणतो दादाची सही मला जमते, करून देतो, कोण बघतंय. चालेल का? की सरळ भावाचंच नाव टाकू? बाकी सगळं रेडी आहे. प्लीज ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय, डोकं उठलंय.

तलावपाळीकर · ११:२४
आधी अभिनंदन भावा! ठाणे तहसीलला जाणार असशील तर गाडी नेऊ नकोस, पार्किंगची बोंब आहे. आणि बाहेर आलास की मामलेदारची मिसळ. तिखट झेपत नसेल तर मीडियम सांग, लाजू नकोस.

निवृत्त_अव्वल_कारकून · ११:४०
मतदारसंघ कुठला? पक्षाचे की अपक्ष? सूचकाच्या भावाचं नाव कुठल्या यादीत? हे न सांगता उत्तर कसं देणार.

नेरुळकर७०६ · ११:४६
अहो काका अपक्षच, मान्यताप्राप्त पक्षाचा असतो तर एका सूचकावर भागलं असतं ना. मतदारसंघ बेलापूर, माझ्या आयडीवरून कळतंच की. भाऊ कोपरखैरण्याला राहतो, कार्ड पण तिथलंच.

निवृत्त_अव्वल_कारकून · शुक्रवार, सकाळी ६:१५
मग भाऊ बाद. कोपरखैरणे ऐरोलीत येतं, मतदारसंघ क्रमांक १५०. तुमचा बेलापूर १५१. दहाच्या दहा सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार पाहिजेत, नवी मुंबईचे असून भागत नाही. आणि दुसऱ्याची सही करायचा विचार डोक्यातून काढा, छाननीत कोणी हरकत घेतली आणि खरा सूचक म्हणाला ही माझी सही नाही तर अर्ज तर जाईलच, वर पोलीस केस. एखादा शेजारी धरा, यादी भाग आणि अनुक्रमांक बघून.

खाडीकिनारा · ७:०२
इतकं काही कडक नसतं हो. नऊ सह्या बरोबर असल्या की चालवून घेतात, आमच्या ओळखीतल्या एकाचं चालवलं होतं. त्यापेक्षा मुलं किती आहेत ते आधी सांग. दोनच्या वर असतील तर घरी बस.

निवृत्त_अव्वल_कारकून · ७:२०
दोन अपत्यांची अट महापालिका आणि पंचायतींना आहे, विधानसभेला नाही. आणि नऊवर अर्ज वैध होत नाही. तुमच्या ओळखीतला बहुतेक नगरसेवकाला उभा असेल.

खाडीकिनारा · ७:२६
नगरसेवकालाच उभा होता. पण नियम तो नियम ना.

वाशी_टोलनाका · ८:४५
कशाला उभा राहतोस राव? आमदार मंदाताई म्हात्रे आहेत, संदीप नाईक परवाच शरद पवारांच्या तुतारीकडे गेले, तुझ्याकडे कोण बघणार. २०१४ ला इथे मंदाताईंनी खुद्द गणेश नाईकांना पाडलं, तेही जेमतेम दीड हजाराने. असल्या कुस्तीत अपक्ष म्हणजे प्रेक्षक. वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर गेला नाहीस तर दहा हजार डिपॉझिट पण गेलं.

नेरुळकर७०६ · ९:३०
डिपॉझिट जाऊदे. गावठाणात कुटुंब वाढलं म्हणून विनापरवाना बांधलेल्या 'गरजेपोटी' घरांवर पाच वर्षांत एकदा तरी कोणीतरी माईकवर बोलावं एवढंच आहे. सूचक मिळेल, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी तयार आहेत, करावे गावातल्या, नाव बेलापूरच्याच यादीत आहे. पण त्या अंगठा करतात. चालतो ना?

ॲडव्होकेट_सानपाडा · १०:०५
चालतो, पण घरी शाईत बुडवून आणलेला नाही. अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, ते साक्षांकित करतात. मावशींना सोबत न्या. आत उमेदवार धरून पाचच जणांना सोडतात, त्या पाचात त्यांना धरा. "खालच्या मजल्यावरच्या" म्हणजे तुम्ही स्वतः राहता कुठे? तुमचं नाव कुठल्या यादीत आहे?

नेरुळकर७०६ · १०:११
खालच्या म्हणजे जुन्या बिल्डिंगमधल्या. मी लग्नानंतर खारघरला शिफ्ट झालोय, कार्ड तिथे ट्रान्सफर केलं. त्याचा काय संबंध? राज्यात कुठेही नाव असलं की उभं राहता येतं ना.

ॲडव्होकेट_सानपाडा · १०:३०
येतं. पण खारघर पनवेलमध्ये, १८८. दुसऱ्या मतदारसंघाचे मतदार असलात की तुमच्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी लागते, पनवेलच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून. मोबाईलवरून काढलेली प्रिंट नाही. अर्जासोबत नाही जमली तर छाननीच्या वेळेपर्यंत तरी हवीच. आजच जा. नोकरी काय करता?

नेरुळकर७०६ · १०:३४
महापे एमआयडीसीत प्रायव्हेट. हे सगळं आधी कुठे लिहिलेलं का नसतं यार.

निवृत्त_अव्वल_कारकून · १०:५०
लिहिलेलं असतं, उमेदवारांच्या पुस्तिकेत. कोणी वाचत नाही. बँक खातं उघडलं का?

नेरुळकर७०६ · १०:५२
सॅलरी अकाउंट आहे की.

निवृत्त_अव्वल_कारकून · १०:५८
ते नाही हो. निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं, अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी. उद्या चौथा शनिवार, परवा रविवार. म्हणजे तुमच्याकडे आजचीच दुपार आहे. चाळीस लाखांची मर्यादा तुम्ही ओलांडणार नाही हे दिसतंय, पण चहावाल्याला दिलेले पैसेही हिशोबात लिहावे लागतात. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवतात.

तलावपाळीकर · ११:१५
नोटरीचं पण बघ, धनत्रयोदशीला सगळे गायब होतात. ठाण्यात कोर्टाबाहेर भरपूर बसतात.

खाडीकिनारा · ११:४०
माझं ऐक, चिन्हाचा आधी विचार कर. तीन चिन्हं पसंतीने लिहायची असतात. कपबशी घे, बायका लक्षात ठेवतात. आणि मशीनवर मान्यताप्राप्त पक्ष आधी, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यात खाली, म्हणून मोठं आणि सोपं चित्र पाहिजे.

ॲडव्होकेट_सानपाडा · दुपारी १२:२०
चिन्हाचं नंतर. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका, काही नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही". अंगावर केस?

नेरुळकर७०६ · १२:२६
केस वगैरे काही नाही. एक ती कलम १८८ ची, सरकारी आदेश मोडल्याची आहे, पाण्याच्या मोर्चाची, पण ती तेव्हा सगळ्यांवरच लावली होती.

ॲडव्होकेट_सानपाडा · १२:२९
तीच केस. चालू असेल तर शपथपत्रात लिहा, आणि माघारीची मुदत संपली की पेपरात आणि टीव्हीवर तीन तीन वेळा जाहीर करायची. अपक्षालाही सुटका नाही. लपवलीत तर जिंकून आलात तरी निवडणूक रद्द होऊ शकते.

वाशी_टोलनाका · १२:३५
"जिंकून आलात तरी" 😂

नेरुळकर७०६ · सोमवार, २८ ऑक्टोबर, दुपारी ३:४०
झालं! शुक्रवारी खातं उघडलं, पनवेलहून प्रमाणित प्रत मिळाली, मावशी रिक्षातून आल्या आणि साहेबांसमोर अंगठा दिला. तीनला दहा मिनिटं कमी असताना अर्ज आत गेला. पावती दिली, सोबत एक चेकलिस्ट पण दिलीय, संध्याकाळी वाचतो. सगळ्यांचे आभार, काका तुमचे डबल.

निवृत्त_अव्वल_कारकून · ३:५५
चांगलं झालं. शपथ घेतली ना?

नेरुळकर७०६ · ३:५८
कसली? शपथपत्र तर दिलं की नोटरी करून.

निवृत्त_अव्वल_कारकून · ४:०१
ते वेगळं, हे वेगळं. उमेदवाराची संविधानाची शपथ, अर्ज दिल्यानंतर घ्यायची आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. छाननी बुधवारी. ती चेकलिस्ट आत्ता वाचा, त्यावर खूण करून दिलेली असणार. उद्या सकाळीच जाऊन घेऊन टाका.

खाडीकिनारा · ४:०९
आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

निवृत्त_अव्वल_कारकून · ४:१०
तुमची नगरपालिका होती.