डेंग्यूत ताप उतरत नाही, फेरिटिन वाढलंय: एचएलएच (रोगप्रतिकारशक्ती बेलगाम होऊन आपल्याच रक्तपेशी गिळल्या जातात तो गंभीर आजार) आधी कसं ओळखायचं?

वॉर्ड_क्र_४:
समजा डेंग्यूचा प्रौढ रुग्ण, तापाचा आठवा दिवस आणि ताप अजून १०२. प्लेटलेट ३८ हजार, पांढऱ्या पेशी २,४००, हिमोग्लोबिन १०.८, एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ४१०, प्लीहा पोट तपासताना बोटभर हाताला लागते. फेरिटिनच्या (लोह साठवणारं, दाहातही वाढणारं प्रथिन) रिपोर्टवर फक्त '२००० पेक्षा जास्त'. कोविडमध्ये ऑक्सिजन ९२ च्या खाली आणि सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) ७५ च्या वर गेला की टॉसिलिझुमॅब या दाह आवरणाऱ्या औषधाचा विचार व्हायचा. डेंग्यूत असा एखादा आकडा आहे का? स्टेरॉइड कधी सुरू करावं?

रक्तपेशी:
एकच आकडा नाही. एचस्कोअर (एचएलएचची शक्यता गुणांत मांडणारा तक्ता) मांडून बघा: ताप ३३, प्लीहा २३, दोन प्रकारच्या रक्तपेशी कमी २४, फेरिटिन ३५, एसजीओटी १९. झाले १३४. कटऑफ १६९, त्याच्या वर एचएलएचची शक्यता जास्त. पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) केलेलंच नाही, म्हणजे ते शून्य धरलं गेलं. ट्रायग्लिसराइड साधारण १३३ मिग्रॅच्या वर निघालं तरी ४४ गुण वाढतात आणि बेरीज १७८ होते. आधी या दोन तपासण्या पाठवा.

आता उलट बाजू. पेशी कमी होणं आणि एसजीओटी वाढणं हे साध्या डेंग्यूतही होतंच, त्यामुळे यातले ४३ गुण जवळजवळ फुकटचे. हा स्कोअर २०१४ मध्ये प्रौढांवर बेतला, डेंग्यूसाठी नव्हे. म्हणून गुणांपेक्षा दिवस बघा. एरवी ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, प्लाझ्मा गळतीचे (रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचे) २४ ते ४८ तास जातात आणि मग प्लेटलेट चढू लागतात. ते वेळापत्रक चुकलं, ताप हटेना, फेरिटिन रोज वर जातंय, तर संशय खरा. हिमोग्लोबिन पडलं तर मात्र थांबून विचार करा: रक्तस्राव आहे का, की गळलेलं पाणी परत रक्तात येऊन रक्त पातळ झालंय?

टेबल_लॅब:
'२००० पेक्षा जास्त' ही मशीनची मर्यादा, रुग्णाचा आकडा नव्हे. नमुना डायल्यूट करून पुन्हा लावायला सांगा. ६,००० च्या वर गेलं तर ३५ चे ५० गुण होतात, शिवाय खरा आकडा नसेल तर उद्याची तुलना कशाशी करणार? काही किटवर फार जास्त फेरिटिन उलट कमी दिसतं; रुग्ण आणि रिपोर्ट जुळत नसेल तरीही डायल्यूशन मागा.

फायब्रिनोजेनसाठी फिक्या निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब, रेघेपर्यंत भरलेली: एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. अर्धवट भरली किंवा आत गुठळी झाली की फायब्रिनोजेन खोटं कमी येतं. एफएफपी किंवा क्रायो (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा किंवा त्यातून काढलेला घटक) चढवायच्या आधीच नमुना घ्या. ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी, प्रोपोफॉल (चरबीयुक्त द्रावणातलं गुंगीचं औषध) चालू असेल तर तो आकडा जपून वापरा. आणि एक स्वस्तातली खूण: सीआरपी चढलेला असताना ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) घसरू लागला, तर फायब्रिनोजेन संपत आलंय असं समजा.

आयसीयू_रात्र:
स्टेरॉइडबद्दल. नुसत्या डेंग्यूला ते देऊ नये, फायदा सिद्ध झालेला नाही. एचएलएचचा संशय पक्का झाला तर डेक्सामेथासोन १० मिग्रॅ शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर रोज. त्याआधी ब्लड कल्चर, मलेरियाची स्लाइड, आणि काख, जांघ, स्तनाखाली काळी खपली शोधा. स्क्रब टायफसही (बारीक किडा चावून होणारा ताप, चावल्या जागी खपली धरते) असंच चित्र देतो. शंका असेल तर त्यावरचं अँटिबायोटिक डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू करून टाका, रिपोर्टची वाट बघू नका.

रक्तपेशी:
बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी शक्यतो स्टेरॉइडच्या आधी करा, नाहीतर दडलेला लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाकला जातो. पेशी गिळणाऱ्या पेशी दिसल्या नाहीत म्हणून एचएलएच नाही असं मात्र म्हणू नका. सुरुवातीला त्या बऱ्याचदा सापडत नाहीत. रुग्ण झपाट्याने ढासळत असेल तर मॅरोसाठी डोस अडवून ठेवू नका.