मिठाच्या फवाऱ्याचे तास म्हणजे कोटिंगचं आयुष्य नव्हे

लेपनकर्मी
ड्रॉइंगवर '५०० तास सॉल्ट स्प्रे', म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात कोटिंग इतके तास टिकावं, एवढी एक ओळ लिहिली की कोटिंगचा विषय मिटला, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ही ओळ काढून टाकावी, किमान एकटी तरी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

एएसटीएम बी ११७ किंवा आयएसओ ९२२७ ही या चाचणीची मानकं. त्यांत होतं काय? बंद चेंबरमध्ये ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश सेल्सिअस आणि अखंड धुकं. पॅनेल, म्हणजे कोटिंग केलेला नमुन्याचा पत्रा, एकदाही वाळत नाही. उघड्यावर मात्र वस्तू भिजते, वाळते, पुन्हा भिजते. जस्ताच्या कोटिंगचं टिकणं बरंचसं त्या वाळण्यावर अवलंबून आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्यावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो. चेंबरमध्ये तो बसायला सवडच नसते. पॅसिव्हेशन (गंज रोखणारी रासायनिक प्रक्रिया) न केलेल्या गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या, पॅनेलवर तिथे पहिल्याच दिवसात पांढरी भुकटी दिसते, आणि उघड्यावर तेच जस्त अनेक वर्षं टिकतं. मग शेजारच्या रंगवलेल्या पॅनेलपेक्षा ते कमअस्सल कसं ठरवायचं?

क्यूसीवाली
असहमत. रोग वेगळा आहे आणि तुम्ही थर्मामीटर फोडायला निघालात.

या चाचणीतून आयुष्य कळतं, असं मानकच म्हणत नाही. नुसत्या या आकड्यांचा प्रत्यक्ष वापराशी मेळ क्वचितच बसतो, असं त्यातच लिहिलंय. तिचं काम एकच: कालची बॅच आणि आजची बॅच सारखी आहे का ते सांगणं. मागे एका पुरवठादाराचे कंस (ब्रॅकेट) यायचे. जाडी बरोबर, चकाकी बरोबर, टेप लावून ओढली तरी पापुद्रा निघत नव्हता. ९६ तासांच्या चाचणीत मात्र कडेला बारीक फोड आले. शोध घेतला तेव्हा कळलं की धुण्याच्या टाकीतलं पाणी बदललंच जात नव्हतं. हे चार दिवसांत सापडलं. उघड्यावर पॅनेल टांगून दोन वर्षं थांबले असते तर माल कधीच जोडला जाऊन गेला असता.

आणि चेंबर नीट चालवला तरच त्या आकड्याला अर्थ आहे. ८० चौरस सेंटिमीटरवर तासाला १ ते २ मिली धुकं जमायला हवं, सामू ६.५ ते ७.२ हवा. अहवालात या नोंदी नसतील तर मी तो परत पाठवते.

लेपनकर्मी
बॅचची तुलना करण्यापुरतं मान्य. पण खरेदी करणारा ते ५०० तास पाहून कोटिंग *निवडतो*. माझा आक्षेप तिथे आहे, आणि तो मी किंमत मोजून शिकलोय.

वाळूमिश्रित खाऱ्या पाण्याच्या पंपाची स्लीव्ह (नळीसारखा भाग) होती. तिच्यावर जास्त फॉस्फरसचं इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे विजेशिवाय रासायनिक द्रावणात (बाथमध्ये) चढवलेला थर. सॉल्ट स्प्रेचा अहवाल उत्तम, झिजेचाही उत्तम. काही महिन्यांत स्लीव्ह बाहेर काढली. अंगठा फिरवला तर जागोजागी टोचत होतं. भिंगाखाली जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या, आणि प्रत्येक भेगेच्या तळाशी तांबडा ठिपका.

कारण साधं होतं. झिजेचा नमुना, स्लीव्हसारखाच, ४०० अंशांवर तासभर भाजलेला होता. तसं केल्याने कडकपणा साधारण ५०० विकर्सवरून ९०० च्या पुढे जातो. पण मूळचा काचेसारखा, स्फटिक नसलेला थर त्यात स्फटिकमय होतो, आकसतो, भेगाळतो आणि गंजाला वाट मिळते. सॉल्ट स्प्रेचा नमुना न भाजलेला होता. दोन्ही अहवाल खरे, पण ते एका वस्तूचे नव्हते!

घर्षण
इथे मी लेपनकर्मींच्या बाजूने, आणि आणखी एक पाऊल पुढे. तुमची स्लीव्ह दोन्ही चाचण्यांत *एकाच* अवस्थेत पास झाली असती, तरी पंपात टिकली असती याची खात्री नव्हती.

स्टेनलेस स्टील घ्या. त्याला वाचवणारी क्रोमियम ऑक्साइडची साय जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची. वाळूचा कण ओरखडला की ती निघते, पाण्यात लगेच नवी धरते, आणि ती धरताना थोडा धातू खर्च होतो. पुढचा कण पुन्हा तेच करतो. एएसटीएम जी ६५ या झिजेच्या चाचणीत रबराच्या चाकाखाली वाळू *कोरडी* असते, त्यामुळे हा खर्च तिथे दिसतच नाही. एएसटीएमच्याच जी ११९ ची रीत त्यासाठीच आहे: आधी झीज आणि गंज मिळून एकूण किती धातू गेला ते मोजायचं. मग कॅथोडिक संरक्षण देऊन, म्हणजे विजेने गंज थांबवून, नुसती झीज, आणि न घासता नुसता गंज. दोन्ही वजा करून जे उरतं ते एकाने दुसऱ्याला दिलेलं बळ. कधी हाच आकडा भारी पडतो.

क्यूसीवाली
तत्त्व पटलं, पण रोजच्या कामात हे बसवून दाखवा. भार, वेग, घासणाऱ्या पिनचा आकार, पाण्यातला ऑक्सिजन, यातलं काहीही हललं की आकडा हलतो. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत तर माल नाकारायचा कुठल्या आधारावर? पुरवठादाराशी भांडताना मला पायाखाली घट्ट जमीन लागते.

नवशिका
मधला रस्ता म्हणून चक्रीय चाचणी चालेल का? एएसटीएम जी ८५ मधली प्रोहेजन नावाची चाचणी: ०.०५ टक्के मीठ, ०.३५ टक्के अमोनियम सल्फेट, एक तास फवारा, एक तास वाळवण.

लेपनकर्मी
पोलादावरच्या रंगासाठी जरूर, कारण त्यात वाळणं आहे. घासणं मात्र त्यातही नाही.

क्यूसीवाली, तुमच्या जमिनीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. बॅचसाठी सॉल्ट स्प्रे राहू दे. पण कोटिंग निवडताना, एकदाच, ओल्या वाळूत घासलेला नमुना हवा, आणि ड्रॉइंगवर ही ओळ: 'सर्व चाचण्यांचे नमुने प्रत्यक्ष भागाच्याच बाथमधले, त्याच जाडीचे आणि तीच उष्णता-प्रक्रिया केलेले असावेत.'

क्यूसीवाली
ही ओळ मी उद्याच घालते. फक्त 'तीच उष्णता-प्रक्रिया' एवढ्यावर सोडू नका, भट्टीचा तापमान-आलेख सोबत मागा. 'भाजलं' असं तोंडी सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत.