पाणी वर आलं, तसे बोअरही आले. आता चर परत उकरायचे का?

माळावरचा
राम राम मंडळी. गाव माण तालुक्यात, नोकरी पुण्यात. 2018 च्या वॉटर कपला, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेला, आम्ही उतरलो होतो, 8 एप्रिल ते 22 मे. शनिवारी रात्रीची एसटी धरायची, पहाटे कुदळ घेऊन माळावर पाणी मुरवायचे चर खणायचे. आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं त्या साली राज्यात पहिला नंबर काढला. आम्हाला काही मिळालं नाही, त्याचं दुःख नाही (थोडं आहे).

त्या साली पावसानं दगा दिला, पण 2019 च्या परतीच्या पावसात चर काठोकाठ भरले. आमच्या विहिरीला 22 पायऱ्या. दुष्काळात मार्चमध्ये सगळ्या उघड्या पडायच्या, 2020 च्या मार्चला वरच्या नऊच दिसत होत्या. आई रोज मोजून यायची. फोनवर आधी पायरी सांगायची, तब्येत नंतर.

पाणी दिसलं आणि बोअरची गाडी गावात मुक्कामालाच आली. ओढ्याकडेला ऊस उभा राहिला. दोघांनी प्लास्टिक अंथरून शेततळी केली, तीही बोअरनं भरतात. यंदा मार्चला आई म्हणाली, "सतरावी." चर निम्मे गाळानं भरलेत. श्रमदानाला हाक दिली तर लोक म्हणतात, घाम आमचा आणि पाणी कुणाचं? त्यांचंही खोटं नाही. काय करावं?

गाळपेर
दादा, सगळे चर उकरू नका. माळाची माती ओढ्याला न जाता चरात थांबली, म्हणजे चरानं त्याचं काम केलं. भरावावर गवत धरलंय का ते बघा. आम्ही पहिल्याच पावसात भरावावर हामाटा आणि मारवेल टाकलं होतं. ज्यांनी टाकलं नाही, त्यांचे भराव दोन पावसाळ्यांत चरातच बसले. जिथं चर फुटलाय तेवढाच दुरुस्त करा, कारण वरचा एक फुटला की पाणी खालचे सगळे फोडत जातं. ए-फ्रेम (समपातळी बघायची ए आकाराची चौकट) लावून पातळी परत तपासा. आणि शेळ्यांचं काय केलंत? त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत.

ताळेबंद
माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात झाली, म्हणून बोलतो. तुमच्या आईंनी जे केलं, ते गावानं करायला हवं होतं. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होतं, पण त्यातलं मुरतं थोडंच. आपल्या काळ्या पाषाणात पाण्याला जागा मुरमात आणि भेगांत, तेवढीच. चरांनी मुरवलेलं पाणी वरच्या थरात राहतं आणि विहिरींना लागतं. बोअरला केसिंग (भोकाच्या वरच्या भागात घालायचा पाइप) अर्धवट असलं की हेच पाणी त्या भोकातून खाली उतरतं. विहीर आटते आणि दोष चरांवर येतो.

हिवरे बाजारला जाणारे झाडांचे फोटो काढून येतात. तिथं शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी पाणी मोजून ग्रामसभेत पिकं ठरतात, हे कुणी विचारत नाही. 2009 चा भूजल कायदा आहेच, 60 मीटरच्या पुढची विहीर त्यात 'खोल' धरली आहे. पण रात्री अकराला येणारी गाडी अडवायला गावातलंच माणूस लागतं.

फडकरी
ऊसवाल्यालाच किती झोडपणार? डाळिंब तेल्या रोगानं गेलं, कांद्याचा भाव कधी पडेल सांगता येत नाही. ऊस निदान कारखाना उचलतो. ठिबक सक्तीचं करा, मी पहिला सही करतो. ऊसबंदीवर मात्र नाही.

माळावरचा
फडकरी, हे ग्रामसभेत येऊन बोलाल का? आमच्याकडं असं तोंडावर कुणी बोलत नाही, पारावर कुजबुजतात.

गाळपेर दादा, पकडलंत. शेळ्या आमच्याच भावकीच्या आहेत, चुलत्यांना कोण सांगणार म्हणून ते लिहिलंच नव्हतं. ताळेबंद काका, या रविवारी आठ विहिरींच्या पायऱ्यांवर आकडे टाकायचं ठरवलंय, ऑइलपेंटचा डबा आणलाय. आई विचारते, आकडे वरून खाली घालायचे की खालून वर?