काउबॉयपटांतल्या नटांना एवढं झटकन पिस्तूल काढायला कोण शिकवायचं?

पिंपळपार:
सध्या बाबांसोबत 'गनस्मोक' या अमेरिकी काउबॉय मालिकेचे जुने कृष्णधवल भाग बघतेय. सुरुवातीला भर रस्त्यात नायक मार्शल डिलन आणि एक काळसर आकृती समोरासमोर उभी असते, दोघं पिस्तुलं काढतात, समोरचा पडतो. हात दिसेदिसेपर्यंत बार उडालेला असतो. फिल्म पळवून हा वेग आणलाय, की नटांना खरंच येत होतं? आणि दरवेळी पडणारा तो माणूस कोण?

नेमधरी:
तुम्ही नेमक्या माणसावर बोट ठेवलंत. पडणारा तो आर्व्हो ओजाला. जन्म 1920, निधन 2005. मार्शल झालेल्या जेम्स आर्नेसला पिस्तूल काढायला त्यानंच शिकवलं. ते दृश्य हळू करून बघा, आधी बार ओजालाचा उडतो, फक्त तो चुकतो. मालिका 1955 ते 1975 चालली, 635 भाग झाले, पण लोकांना त्याचं नाव माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. नट म्हणून त्याच्या वाट्याला छोट्याच भूमिका आल्या. त्याचं मोठं काम कॅमेऱ्यामागचं: जेम्स गार्नर, ह्यू ओब्रायन असे त्या काळचे कितीतरी काउबॉय त्याच्या हाताखाली तयार झाले.

मी हौशी पिस्तूल नेमबाज आहे, म्हणून वेगाबद्दल जरा सविस्तर लिहितो. पडद्यावरचं पिस्तूल बहुधा 1873 सालचं कोल्ट सिंगल ॲक्शन. याचा नुसता चाप ओढून काही होत नाही. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्यानं घोडा, म्हणजे पिस्तुलाच्या मागचा हॅमर, मागे ओढावा लागतो. घोडा मागे येताना सिलिंडर (काडतुसांची फिरती चकती) एक घर फिरतं आणि नवं काडतूस नळीसमोर येतं. आता हे पिस्तूल मऊ चामड्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असेल तर चामडं सिलिंडरला घट्ट बिलगतं, ते फिरत नाही. म्हणजे आधी पिस्तूल बाहेर काढा, मग घोडा ओढा, मग चाप. तीन कामं एकामागून एक.

ओजालानं चामड्याच्या दोन थरांमध्ये धातूचा पत्रा घातला. होल्स्टर ताठ राहिलं, आत सिलिंडरला फिरायला जागा मिळाली. त्यामुळे पिस्तूल वर येता येताच, होल्स्टरच्या आतच घोडा ओढून होतो. त्यानं याचं पेटंटही घेतलं. माझ्या मते वेगाचं निम्मं श्रेय या पत्र्याचं आहे. उरलेलं सरावाचं, आणि तो सराव खांद्याचा नसून अंगठ्याचा आणि मनगटाचा असतो. आमच्या 25 मीटर रॅपिड फायर या नेमबाजी प्रकारात शेवटच्या फेरीत 4 सेकंदांत 5 निशाणं साधायची असतात, तिथेही हात जोरात उचलणारा मागेच पडतो.

जुनापूल:
उत्तम माहिती. ओजालाच्या आधी रॉड रेडविंग होता, तोही नट आणि प्रशिक्षक. 1953 च्या 'शेन' या काउबॉयपटासाठी ॲलन लॅडला त्यानंच तयार केलं.
बाकी अमेरिकेच्या खऱ्या पश्चिमेत अशी द्वंद्वं फारच क्वचित झाली. वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांचं गाजलेलं द्वंद्व, स्प्रिंगफील्ड, मिसुरी, 21 जुलै 1865. अंतर साधारण 75 यार्ड, दोघं एकमेकांकडे बाजू करून उभे राहिलेले, आणि हिकॉकनं नीट नेम धरून गोळी घातली असं मानतात. तिथे झटपट काढण्यापेक्षा स्थिर हाताचं मोल जास्त होतं.

पिंपळपार:
दोघांचेही आभार, बाबा तर खूशच झाले. पण घोडा होल्स्टरमध्येच ओढायचा म्हणजे गोळी आपल्याच पायात जायची भीती नाही का?

नेमधरी:
आहे, आणि तसं झालंही. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मवर डी वूलम यानं झटपट पिस्तूल काढण्याची स्पर्धा घेतली. पुढे मालिकांमुळे हे वेड घरोघरी पसरलं. लोक भरलेली पिस्तुलं घेऊन आरशासमोर उभे राहायचे आणि मांडीत, पायात गोळ्या घालून घ्यायचे. म्हणून स्पर्धांमध्ये मेणाच्या गोळ्या आणि ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली, नुसता बार उडवणारी काडतुसं आली. चित्रीकरणातही ब्लँकच असतात, पण जवळून तीही जखम करतात, हे कुणी हलक्यात घेऊ नये. रेंजवर नवीन मुलांना मी पहिल्यांदा एवढंच सांगतो की नळी निशाणाकडे वळेपर्यंत बोट चापाबाहेर. मुलं कंटाळतात, तरी मी सोडत नाही.

पिंपळपार:
मग पुढचा भाग बघताना नेमकं काय बघू?

नेमधरी:
आर्नेसचा चेहरा सोडा, उजवा अंगठा बघा. पिस्तूल निम्मं आत असतानाच तो घोड्यावर गेलेला असतो. सुरुवातीच्या दृश्यात कॅमेरा त्याच्या कमरेमागे आहे, त्यामुळे स्पष्ट दिसतं. मग तसंच एखाद्या जुन्या, तीसच्या दशकातल्या काउबॉयपटात शोधा. काय फरक दिसतो ते इथे जरूर लिहा, बाबांनाही विचारा.