'स्नायुदाह', पण आग कुठंय?

रंकाळाकाठ: डर्मॅटोमायोसायटिसच्या (त्वचा आणि स्नायू दोन्हींना सूज आणणारा आजार) रुग्णांसाठी दोन पानी पत्रक मराठीत करतोय. 'स्नायुदाह' लिहिलं आणि कागलकडच्या एका मावशींना वाचायला दिलं. पापण्या जांभळट, बोटांच्या पेरांवर तांबूस चट्टे, पायरी चढताना गुडघ्यावर हात. म्हणाल्या, "आग कुठं हुतीया बाळा? मांडीत जीवच न्हाई." आता काय लिहू? शिवाय या आजारात क्वचित, जास्त करून लहान मुलांत, आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडून भोक पडतं. तिथं 'छिद्र' की 'आतडं फुटणं'?

शुद्धमती: 'स्नायुशोथ'. शोथ म्हणजे सूज. दाह आला तो इन्फ्लमेशनवरून, त्या लॅटिन शब्दातच ज्वाळा आहेत.

पेठकरी: मंगळवार पेठेत शोथ कोण म्हणतंय? 'शोध' वाचतील आणि विचारतील, लागला का!

नागपूरकर: मुळात 'स्नायू' तरी चालेल का? हिंदीत स्नायू म्हणजे नस. आमच्या वहिनी त्या घोळात आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या.

शुद्धमती: संस्कृतातही स्नायू म्हणजे स्नायुबंधच, लिगामेंट. 'मांसपेशी' म्हणा.

पेठकरी: मांस म्हटलं की आम्हाला तांबडा-पांढराच आठवतो.

निवृत्त सर्जन: दाह-शोथ सावकाश भांडा. पत्रकात 'पोट लाकडासारखं कडक झालं तर या' असं लिहू नका. प्रेडनिसोलोन, म्हणजे या आजारातली स्टेरॉइडची गोळी, चालू असताना आतडं फुटलं तरी ताप आणि पोटाचा कडकपणा दबून राहतो. पोट नव्यानं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली, की त्याच दिवशी यायचं. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

कागलची सून: सर, कडकला आमच्यात 'पोट तटतटलं' म्हणतात.

पेठकरी: ते फुगल्यावर. म्हशीचं पोट तटतटतं!

कागलची सून: म्हशीचं राहू द्या. आमच्या सासूबाईंना हाच आजार. घास उतरायचा नाही, पाणी नाकातून यायचं, सारखा ठसका. घरात सगळे म्हणायचे, चटणी जास्त पडली. मी तीन महिने अळणी रस्सा केला. शेवटी कळलं, घशाचेच स्नायू ढिले पडलेत.

रंकाळाकाठ: हे पत्रकात घेतो. पण 'छिद्र' की 'फुटणं'?

शुद्धमती: पाण्यानं लागतो तो ठसका नव्हे. ठसका तिखटाचाच.

पेठकरी: कोण म्हणतं? आमची आज्जी सांगायची, उचकी लागली तर आठवण, ठसका लागला तर शिवी.

नागपूरकर: आमच्याकडे उलटं आहे.